चाकांच्या गावचा बाजार

मुलांनो, पनवेल म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? लोकलचे शेवटचे स्टेशन, कोकणात जाणाऱ्या एस.टी. गाड्यांची रांग, गणपतीच्या आदल्या दिवशीची ती भयंकर कोंडी आणि आता नवे कोरे विमानतळ! पण सव्वाशे वर्षांपूर्वी घाटावरच्या एखाद्या गाडीवानाला तुम्ही विचारले असते, "काय हो मामा, पनवेलला काय मिळतं?" तर त्याने चटकन उत्तर दिले असते, "चाकं!"

हो, चाकं! बैलगाडीची लाकडी चाके. त्या काळच्या सरकारी गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा म्हणून याच चाकांची नोंद आहे. घाटावरच्या बहुतेक गाड्यांना चाके पनवेलची, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे पुणे, सातारा, नगरकडच्या धुळीच्या रस्त्यांवर जी चाके कुरकुरत, त्यांतली कितीतरी या खाडीकाठच्या गावात जन्मलेली असत.

असे का बरे? चाके घाटाखाली आणि गाड्या घाटावर, हा काय प्रकार? उत्तर नकाशात आहे. जरा ॲटलास काढा पाहू.

खाडी आणि घाट यांच्या मधोमध

पनवेलच्या एका बाजूला खाडी. भरतीच्या पाण्याबरोबर मुंबईहून पडाव आणि मचवे थेट पनवेलच्या बंदराला लागत. दुसऱ्या बाजूला सह्याद्री आणि त्यातून वर चढणारा बोरघाट. घाटात गाडी जाईल असा पक्का रस्ता १८३० साली झाला. त्याआधी माल बैलांच्या पाठीवर चढत-उतरत असे. रस्ता झाल्यावर मुंबई-पुणे प्रवास असा होऊ लागला : मुंबईला बोटीत बसायचे, भरती साधून पनवेलला उतरायचे आणि मग गाडीने, टांग्याने किंवा ऐपत असेल तर पालखीने खोपोलीवरून घाट चढायचा. घाटावरचा माल गाड्यांतून पनवेलला उतरे, मुंबईचे कापड, लोखंड, साखर बोटीतून पनवेलला येऊन गाड्यांत चढे. पनवेलच्या धक्क्यावर बोट आणि बैलगाडी एकमेकींना भेटत, म्हणा ना.

आता घाट उतरून आलेल्या गाडीचे सर्वांत जास्त काय झिजत असेल? चाक! शिवाय आसपासच्या डोंगरांत लाकूड भरपूर, मुंबईचे लोखंड बोटीने दारात येणारे आणि दारात झिजल्या चाकांचे गिऱ्हाईक. सुतारांना आणखी काय हवे? सध्याच्या हायवेवर पंक्चरवाला नेमका घाटाच्या तोंडाशी दुकान टाकतो ना, तसेच हे.

गावही काही लहानसहान नव्हते. पनवेलला नगरपालिका १८५२ सालीच झाली. मोठमोठ्या शहरांच्या आधी! आज मात्र ती नगरपालिका राहिलेली नाही, २०१६ साली तिची महानगरपालिका झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावाची वस्ती दहा हजारांच्या आसपास होती. आज एकेका नव्या वसाहतीत याहून जास्त माणसे राहतात, पण तेव्हा दहा हजार म्हणजे चांगले मोठे गाव. त्यात कोळीवाडा होता, प्रभू आळी, परदेशी आळी, लाइन आळी होती, कच्छी मोहल्ला होता. गावात तळी तर किती! वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे... नावे ओळीने म्हटली की बडबडगीतच होते. आणि एक इस्रायल तलाव. त्याच्याकडे आपण पुढे येऊच.

चाक कसे होते?

बाजारात शिरण्याआधी सुताराच्या पडवीत एक चक्कर मारू. कारण ही गंमत पाहायला त्या काळची पोरे तासन् तास उभी राहत असतील यात मला मुळीच शंका नाही.

चाकाच्या मधोमध जो जाड लाकडी गड्डा असतो तो तुंबा. तुंब्यात चारी बाजूंनी ठोकून बसवलेल्या दांड्या म्हणजे आरे. आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर लाकडाचे कमानदार तुकडे एकाला एक जोडून गोल पुरा करायचा. इथपर्यंत सुताराचे काम. पण असे चाक नुसते रस्त्यावर सोडले तर चार कोसांत खिळखिळे होईल. म्हणून त्याच्यावर लोखंडी पट्टी चढवतात, तिला म्हणतात धाव. आणि खरी करामत इथेच आहे.

लोहार ही धाव चाकाच्या घेरापेक्षा जराशी लहान करतो. मग ती लाकडावर चढणार कशी? शाळेत शिकलात ना, उष्णतेने धातू प्रसरण पावतो! धावेभोवती गोवऱ्यांचा मोठा जाळ करायचा. ती लालबुंद झाली की फुगते. दोघातिघांनी लांब सांडशीत धरून ती चाकावर बसवायची, घणाने ठोकायची, लाकूड धुरू लागते न लागते तोच भराभर पाणी ओतायचे. चर्रर्र! वाफेचा लोट उठतो आणि निवताना आकसणारी धाव सगळे आरे, सगळे तुकडे आत दाबून घट्ट आवळते. एक खिळा न मारता! पाणी ओतायला जरा उशीर झाला तर चाक जळते आणि धाव फार लहान झाली तर आरे वाकतात. लोहाराच्या हाती ना थर्मामीटर ना मीटरपट्टी. सगळा हिशेब डोळ्यांचा.

समजा, तुम्ही बाजाराला निघालात

आता आपण एक मुलगा कल्पू या. तुमच्याच वयाचा. साल १९१० च्या सुमारचे, दिवस थंडीचे. पनवेलपासून दोन-तीन कोसांवरच्या खेड्यात तो राहतो. भाताची झोडणी आटोपली आहे. बापाने गाडीत भात भरले आहे आणि पहाटे अंधारात गाडी निघाली आहे. आई मागे बसली आहे. गाडीचे डावे चाक गेल्या पावसाळ्यापासून लडबडते आहे. बाप दर उतारावर खाली उतरून त्याच्याकडे बघतो आणि काही न बोलता पुन्हा चढून बसतो. या खेपेला चाकांचा नवा जोड घेतलाच पाहिजे, नाहीतर आवणीच्या दिवसांत पंचाईत. घरात बहिणीचे लग्नही ठरले आहे. भात विकून जे पैसे येतील त्यात दोन्ही कसे बसवायचे, हे त्या गाडीतल्या तिघांनाही ठाऊक नाही.

बाजारात पहिले काम भाताचे माप. किलो, क्विंटल तेव्हा नव्हते. बहुतेक ठिकाणी हिशेब असा : चार शेरांची एक पायली, बारा पायल्यांचा एक मण, वीस मणांची एक खंडी. म्हणजे एका खंडीत शेर किती? करा तोंडी! (नऊशे साठ. बरोबर आले का?) शिवाय गावोगावचे माप थोडेथोडे वेगळे, ही आणखी एक डोकेदुखी.

हे माप वजनाचे नव्हे, भरण्याचे. पायली धान्याने भरायची. पण कशी भरायची? काठाबरोबर सपाट, की वर टोक येईपर्यंत? वरच्या त्या टोकाला शीग म्हणतात. घेताना शीग लावून घ्यायचे आणि देताना हाताने सपाट करून द्यायचे, ही लबाड व्यापाऱ्याची जुनी रीत. एका पायलीला मूठभर धान्य गेले तर कळतही नाही, पण खंडीच्या दोनशे चाळीस पायल्यांना दोनशे चाळीस मुठी जातात! म्हणून आपल्या मुलाला बापाने एकच काम दिले आहे, पायलीवर नजर ठेवायची आणि मोठ्याने मोजायचे. सगळेच व्यापारी तसे नसत, पण मोजणारा पोरगा जवळ असला तर चांगला व्यापारी रागावत नाही आणि वाईट जरा सावध होतो.

भाताचे झाले रुपये. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला, म्हणजे आपल्या या मुलाची नातवंडे शाळेत जायच्या वेळेला. समजा, गूळ एक आणा दोन पैसे शेर आहे. पाच शेर गुळाचे किती? उत्तर सात आणे दोन पैसे. या मुलाला ते बोटांवर येत असे. तुम्हाला किती वेळ लागला, खरं सांगा!

मग खरेदी. मीठ घ्यायचे, ते उरण-पनवेलच्या मिठागरांतले. गोडे तेल घ्यायचे. इथेच इस्रायल तलावाचा धागा लागतो. कोकणात शेकडो वर्षे राहणारा बेने इस्रायली हा ज्यू समाज तेल गाळण्याच्या धंद्यात होता. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा पवित्र दिवस, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पनवेलमध्ये त्यांचे बेथ एल नावाचे प्रार्थनास्थळ १८४९ साली बांधले गेले आणि ते आजही उभे आहे. पुढे ही मंडळी नोकऱ्यांसाठी मुंबईला गेली आणि भारत स्वतंत्र झाल्यावर बरीचशी इस्रायलला. पण तलावाचे नाव राहिले ते राहिलेच.

आजी घरी खोकत असेल तर औषध घ्यायचे. त्यासाठीही मुंबई गाठायला नको. पुराणिक वैद्यांचा श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना पनवेलात १८७२ सालीच सुरू झाला होता. आसवे, अरिष्टे, चूर्णे इथून बाहेरगावी जात. चाके आणि काढे! एकाच गावाची ही दोन निर्यातीची मालं आहेत की नाही गमतीदार?

कापडाच्या दुकानात मात्र आईचा पाय रेंगाळतो. लग्नाचे लुगडे हातात घेऊन ती परत ठेवते. बाप बाहेर उभा राहून सुताराच्या आळीकडे बघतो. या दोघांपैकी कोण काय बोलले असेल ते मी सांगत नाही. तुमच्याही घरी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात असे संवाद होतच असतील.

आगोट

आज आपल्याला काही लागले की कोपऱ्यावरच्या दुकानात पळायचे. त्या काळी पावसाळ्याचे चार महिने कोकणातली खेडी जवळजवळ बंदच होत. ओढ्यांना पूर, वाटा चिखलाच्या, समुद्र खवळलेला, मासेमारी बंद, मचवे किनाऱ्यावर ओढून झाकलेले. म्हणून उन्हाळा संपायच्या आत चार महिन्यांची सगळी बेगमी घरात भरून ठेवायची. या खरेदीला रायगडात एक खास शब्द आहे, आगोट.

आगोटीत काय काय असे? मिरची, हळद, मीठ, कांद्याच्या माळा, चिंच, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुकी मासळी. सुके बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या. भर श्रावणसरीत (श्रावण न पाळणाऱ्यांनी बरं का!) चुलीत भाजलेला बोंबील आणि तांदळाची भाकरी, यापुढे पंचपक्वान्नही फिके, असे जाणकार सांगतात. जोडीला डोक्यावर घ्यायचे पानांचे इरले आणि घोंगडी. छत्री ही श्रीमंतांची मिजास.

सुक्या मासळीची तर एक मोठी जत्राच आहे. पनवेलहून बोरघाटाकडे जाताना खोपोलीजवळ साजगाव लागते. तिथला विठोबा 'बोंबल्या विठोबा' या नावाने प्रसिद्ध आहे! कार्तिक महिन्यात तिथे मोठी यात्रा भरते आणि दर्शन झाले की लोक सुके बोंबील विकत घेतात. साजगावला धाकटी पंढरी म्हणतात. व्यापारासाठी कोकणात उतरलेले तुकाराम महाराज इथे येऊन गेले, अशी लोकांची श्रद्धा आहे. विठोबाच्या यात्रेत बोंबलांचा बाजार ऐकून पंढरपूरकडच्या माणसाला घेरी यायची! पण कोकणातल्या देवांना आपल्या माणसांचे जेवण ठाऊक असते.

गुरे घ्यायची असतील तर पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हशाच्या यात्रेला जायचे. बैलाचे दात बघायचे, खूर बघायचे, त्याला चालवून बघायचे. आणि भाव ठरवायचा तो तोंडाने नाही. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात उपरण्याखाली धरतात आणि बोटे दाबून आकडा सांगतात. बाजूला उभ्या असलेल्या दहा माणसांना पत्ता लागत नाही. मला विचाराल तर ही मोबाइलवरच्या गुप्त मेसेजपेक्षा पक्की सोय आहे.

पडद्यावरचा मारुती

बाजार झाला, आता करमणूक! वर्षभर दारात येणाऱ्या करमणुकी होत्याच. नंदीबैलवाला, वासुदेव, बहुरूपी, गारुडी, दोरीवर चालणारे डोंबारी. देवळात कीर्तन, शिमग्यात सोंगे, नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यातली धमाल. पण जत्रेत तंबू लागला की पोरांची झोप उडे.

सर्कस म्हणाल तर आपल्याकडची पहिली मोठी सर्कस एका मराठी माणसाचीच. विष्णुपंत छत्रे हे घोड्यांचे नामांकित शिक्षक. परदेशी सर्कस पाहून त्यांनी १८८० साली आपली सर्कस उभी केली. नंतर तिची पाहून कितीतरी मराठी सर्कशी निघाल्या आणि देशभर फिरल्या.

आणि सिनेमा? त्याच्याही आधीची एक अद्भुत गोष्ट पनवेलच्या शेजारीच, कल्याणला घडली होती. तिथल्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले. नाव म्हणून पाहा, जीभ वळते का! शंबर हा मायावी राक्षस, त्याच्यावरून शांबरिक. काचेच्या छोट्या पट्ट्यांवर रंगीत चित्रे काढायची, दिव्याच्या कंदिलातून ती मोठी करून पडद्यावर पाडायची. दोन-तीन कंदील एकदम वापरून चित्रे भराभर बदलली की पडद्यावरचा माणूस हात हलवतो, मान वळवतो असे वाटे. रामायणातले प्रसंग, नल-दमयंती, अगदी सर्कससुद्धा ते दाखवत. सोबत निवेदन आणि गाणी. पटवर्धन कुटुंब हे सामान घेऊन गावोगाव फिरे. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत ७ जुलै १८९६ ला आला, त्याच्या तीन-चार वर्षे आधीची ही गोष्ट!

मग आले दादासाहेब फाळके. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईत लागला. शहरातल्या लोकांनी गर्दी केली खरी, पण खेड्यातल्या माणसाला सिनेमा कसा दिसणार? वीज नाही, थिएटर नाही. फाळके स्वतःच प्रोजेक्टर, पडदा आणि फिल्मच्या रिळांची पेटी बैलगाडीत घालून गावोगाव निघाले. परतताना गाडीत पैशा-आण्यांच्या चिल्लरीचे ओझे होई, असे सांगतात. त्या गाडीची चाके कुठली होती कोण जाणे! पडद्यावर मारुती उडाला की मागे बसलेली माणसे हात जोडून उठून उभी राहत. तुम्ही हसाल, पण थ्री-डी चष्मा लावून तुम्हीही मान बाजूला घेताच की.

सगळीच वर्षे जत्रांची नव्हती, हेही सांगायला हवे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि तो पुढे कितीतरी वर्षे पुन्हापुन्हा येत राहिला. साथीत सरकार जत्रा बंद करी. खेळण्यांचा दुकानदार, तंबूवाला, गारुडी, सगळ्यांच्या चुली विझत. २०२० साली करोनात जत्रा बंद झाल्या तेव्हा आपणही ते थोडेफार पाहिले.

नांगराचे बक्षीस

आता जत्रेसारखीच, पण जत्रा नव्हे अशी एक नवी गोष्ट त्या काळात येऊ लागली होती. शेतकी प्रदर्शन! कल्पना विलायतेतली. तिथे गावोगावचे शेतकरी आपला सर्वांत देखणा बैल, मोठा भोपळा, चांगले लोणी घेऊन येत आणि पंच बक्षिसे देत. आपल्याकडे इंग्रज सरकारच्या शेतकी खात्याने तीच रीत उचलली. १९०४ च्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचे अधिवेशन झाले, तेव्हाही त्याला जोडून औद्योगिक आणि शेतकी प्रदर्शन भरले होते. १९२६ च्या ऑक्टोबरात पुण्यात मुंबई इलाख्याचे मोठे शेतकी प्रदर्शन झाले. निवडक बैल, सुधारलेले बियाणे, पाणी खेचणारे पंप, आणि नांगर. लोखंडी नांगर!

या नांगराची कथा मोठी चुरशीची आहे. बेळगावात सायकलचे दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला लोखंडी नांगर बनवला. पण घ्यायला कोणी तयार होईना. लोखंड जमिनीत गेले की जमीन विषारी होते, असा समज होता. नांगर नुसते पडून राहिले. हळूहळू लोकांनी वापरून पाहिले, खोल नांगरट झालेली पाहिली आणि मागणी सुरू झाली. १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. प्रदर्शनांचा खरा उपयोग हाच. व्याख्यानाने न पटलेली गोष्ट समोर तास ओढून दाखवली की पटते.

पण थांबा हं. शेतकरी अडाणी आणि खाते शहाणे, असे समजू नका. कोकणातल्या चिखलाच्या भातखाचरात, आपल्या लहानखुऱ्या बैलांना तो जड नांगर ओढवणार कसा? तिथे हलका लाकडी नांगरच योग्य. कोकणी गुरांना लोक 'गावठी' म्हणून हिणवत. अलीकडे त्यांचीच 'कोकण कपिला' नावाची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे.

राबाचेही तसेच. भाताची रोपे करण्याआधी कोकणातला शेतकरी त्या तुकड्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळतो. याला राब भाजणे म्हणतात. इंग्रज जंगल खाते म्हणे, हा झाडांचा नुसता नाश आहे! शेतकरी म्हणे, राबाशिवाय रोप जोमदार होत नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत यावरून इतकी धुसफुस झाली की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. १८८९ साली डॉ. व्होएल्कर नावाचे विलायती कृषी-रसायनतज्ज्ञ भारतात आले. वर्षभराहून अधिक काळ देशभर हिंडून त्यांनी १८९३ साली अहवाल छापला. त्यांचा निष्कर्ष वाचून अनेक साहेबांच्या भुवया उंचावल्या असतील : चांगला भारतीय शेतकरी सरासरी ब्रिटिश शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत सरसच. त्याला कमी पडतात त्या सोयी.

पनवेलच्या शेतकऱ्याचे शहाणपण बघायचे तर खारजमिनीत जायला हवे. खाडीला बांध घालून मिळवलेली ही जमीन. बांध फुटला की खारे पाणी आत, आणि मिठाने भात जळते. तरीही या जमिनीत तग धरणारे लाल तांदळाचे भात इथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या जपले होते, काळा रता आणि भुरा रता. पुढे शास्त्रज्ञांनी यांतूनच निवड करून वाण तयार केले. पनवेलला खारजमीन संशोधन केंद्र झाले आणि तिथून 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' अशा नावांच्या भाताच्या जाती निघाल्या. खाऱ्या जमिनीतल्या भाताचा अभ्यास करणारे देशोदेशीचे शास्त्रज्ञ या रत्याला ओळखतात. त्याला एखाद्या प्रदर्शनात बिल्ला मिळाला की नाही मला ठाऊक नाही. मिळायला हवा होता.

खिशात किती?

बाजार, जत्रा, प्रदर्शन, सगळे खरे. पण खर्च करायला हातात काही उरायला हवे ना! आपल्या गाडीतल्या मुलाच्या बापाची जमीन बहुधा त्याची स्वतःची नव्हती. कुलाबा जिल्ह्यात कितीतरी शेतकरी खोताची किंवा सावकाराची जमीन कसत. पिकाचा अर्धा, कधी त्याहून जास्त वाटा मालकाकडे. वर बियाण्याचे कर्ज आणि त्याचे व्याज. गाडीत भरलेल्या भातातले आपले किती, हे खळ्यावरच ठरून जाई.

१९३३ साली अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली ठरवले, जमीन कसायचीच नाही! आसपासच्या पंचवीस गावांनी साथ दिली. संप सहा वर्षे चालला. सहा पावसाळे खाचरे ओस. माणसे जंगलातली लाकडे विकून, भाजी विकून, मासळी धरून जगली. विचार करा, त्या सहा वर्षांत त्या घरांतल्या मुलांनी जत्रेत काय घेतले असेल? १९३४ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन या शेतकऱ्यांना भेटले. १९३९ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा आला आणि १९४९ साली खोती रद्द करणारा.

चाके गेली कुठे?

पनवेलची चाके एकदम नाही गेली. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली तेव्हाच पहिला धक्का बसला. मुंबई-पुण्याचा माल आता पनवेलला न थांबता कर्जतवरून परस्पर वर जाऊ लागला. घाटमाथ्यावरून धक्क्यापर्यंत येणाऱ्या गाड्यांच्या रांगा आटल्या. खुद्द पनवेलला रेल्वे आली ती १९६० च्या दशकात, शंभर वर्षांनी! मधल्या काळात तांदूळ, मीठ आणि आसपासच्या खेड्यांच्या बाजारावर गाव टिकून राहिले. घाटावरच्या गाड्यांना तरीही चाके लागतच होती, म्हणून सुतारांचे हात थांबले नाहीत. मग मोटारी आल्या. बैलगाडीलाही रबरी टायर आले, लोक तिला 'डनलॉप गाडी' म्हणू लागले. धाव चढवताना उठणारा तो वाफेचा लोट पाहणारी पोरे म्हातारी झाली.

खाचरांचे तर त्याहून मोठे झाले. १९७० साली नवी मुंबईसाठी पंचाण्णव गावांची जमीन घ्यायचे ठरले. भावावरून आणि हक्कावरून शेतकरी उठले. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यातल्या जासईजवळ गोळीबार होऊन पाच जण मारले गेले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील. लढ्यातून जमीन घेतलेल्या शेतकऱ्याला विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा परत मिळू लागला. उलवे-पनवेलच्या ज्या भागात भात पिके तिथे आता विमानतळ आहे. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले.

बैलगाडी मात्र एका ठिकाणी अजून जोरात पळते. शर्यतीत! २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांना होणाऱ्या छळामुळे शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने महाराष्ट्राचा त्यासंबंधीचा कायदा मान्य केला. रायगडात शर्यत असली की आजही माळ माणसांनी फुलतो. बैलांचे हाल होतात की नाही यावर घरोघरी वाद होतात, तुमच्या घरीही घालून बघा.

आणि आगोट? मे महिन्यात एखाद्या सकाळी पनवेल किंवा उरणच्या बाजारात जा. प्लॅस्टिकच्या ताडपत्र्यांखाली सुक्या बोंबलांचे ढीग मांडून कोळणी बसलेल्या असतात. घरात फ्रीज असलेल्या बायका पिशव्या भरभरून सुकट नेतात. भाव ऐकला की नाक मुरडतात, उठून चार पावले जातात आणि परत येतात. वजनकाटा आता बॅटरीवर चालतो. तरीही कोळीण काट्यावर आकडा बघून झाल्यावर वर आणखी एक मूठ जवळा टाकते. ती शीग.